आजचं चिंतन: राहिलं म्हणून आपलं होतं का?



आज ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र घेऊ. बहुतेकांना तो पाठ असेल, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. त्यात तीन गोष्टी ओळीनं येतात. हे सगळं जग ईश्वराच्या वासाचं ठिकाण आहे. त्याचा भोग घे, पण त्यागाच्या रीतीनं घे. आणि कोणाच्या धनावर डोळा ठेवू नकोस.

आपण पहिल्या गोष्टीवर खूप बोलतो आणि दुसऱ्या गोष्टीवर प्रवचनं ऐकतो. तिसरी मात्र वाचून पुढे जातो, कारण वाटतं, आपण कुठे कोणाचं काही घेतो? आज त्या तिसऱ्या गोष्टीपाशी जरा थांबायचंय. प्रश्न साधा आहे. एखाद्या जागेवर मी राहिलो, घाम गाळला, कागदावर नाव चढलं, म्हणून ती जागा माझी होते का? आणि सोडून जावं लागलं, तर तिथे गाळलेला घाम फुकट गेला का?

यासाठी आज जरा लांब जाऊ. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या आग्नेय भागात. ओरेगन म्हटलं की हिरवी जंगलं आणि सततचा पाऊस डोळ्यांपुढे येतो, पण ते कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेला. पूर्वेला डोंगर ढग अडवतात. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावचं जे होतं तेच. तिथला फोर्ट रॉकचा सपाट टापू उंचीला जवळजवळ महाबळेश्वराएवढा आहे, पाऊस मात्र वर्षभरात २५० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसातच तेवढा पडून जातो. नजर पोचेल तिथवर सेजब्रश नावाची करडी, उग्र वासाची झुडपं, मधूनच जुनिपरचं एखादं झाड, आणि दूर डोंगरांच्या रांगा. याला तिकडे उंचावरचं वाळवंट म्हणतात. तिथे अजूनही एका रँचपासून दुसऱ्या रँचपर्यंत मैलोन् मैल घर लागत नाही. आणि मध्येच कुठेतरी ओसाड पडलेली लाकडी घरं दिसतात. छप्पर खचलेलं, खिडक्यांच्या जागी भोकं, अंगणात गंजलेला नांगर.

ही घरं तिथे आली कशी?

१८६२ साली अब्राहम लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. कायदा असा: २१ वर्षांवरच्या कोणीही, किंवा कुटुंबप्रमुखानं, थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमिनीवर नाव नोंदवायचं. एकटी बाई नोंदवू शकत होती, आणि नागरिक होऊ इच्छिणारा परदेशी माणूसही. मग तिथे घर बांधायचं, जमीन कसायची आणि पाच वर्षं राहून दाखवायचं. ते साक्षीदारांनिशी सिद्ध केलं की जमीन तुमची. बघा ना, किती वेगळी कल्पना आहे! पैशानं नाही, वारशानं नाही, वास केल्यानं मालकी. या कायद्याखाली एकूण १६ लाखांहून जास्त लोकांना जमिनी मिळाल्या. क्षेत्र सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे अख्ख्या अमेरिकेचा जवळजवळ दहावा भाग.

पाणी असलेल्या चांगल्या जमिनी आधी गेल्या. मग उरल्या कोरड्या. १९०९ साली कोरडवाहू जमिनीसाठी मर्यादा ३२० एकर केली, १९१२ साली राहण्याची अट पाचावरून तीन वर्षांवर आणली. फोर्ट रॉककडे लोकांचा लोंढा आला तो याच सुमारास. शिक्षक, दुकानदार, कारकून, ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता असेही पुष्कळ. कोरडवाहू शेतीची नवी पद्धत वापरली की कमी पावसातही गहू येतो, असं त्यांना सांगितलेलं होतं. सुरुवातीची काही वर्षं पाऊसही बरा झाला.

खरं तर इशारा खूप आधी दिलेला होता. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकानं १८७८ सालीच सरकारला अहवाल दिला होता, की पश्चिमेच्या कोरड्या भागात १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही. गुरं चारून जगायचं तर २,५६० एकर तरी लागतील, आणि पाणी व कुरणं लोकांनी मिळून वापरावी लागतील. त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. जमीन किती आहे हे सगळे मोजत होते, पाऊस किती आहे हे मोजायला कोणाला सवड नव्हती.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पाऊस पुन्हा आपल्या मूळ सवयीवर गेला. त्या टापूत वर्षाच्या कुठल्याही महिन्यात हिमतुषार पडू शकतात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात उभं पीक एका रात्रीत करपून जातं. उरलंसुरलं रानससे फस्त करायचे. पाणी पिंपात भरून गाडीवरून लांबून आणायचं. एक घर हललं, मग शेजारचं. विद्यार्थी कमी झाले म्हणून शाळा बंद, माणसं गेली म्हणून पोस्ट बंद. दहा-पंधरा वर्षांत वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या.

आता एक गोष्ट ऐका, जी मला फार विचार करायला लावते. ज्यांनी मुदत पुरी केली त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या नावानं जमिनीचं सरकारी पत्र मिळायचं. ती लाखो पत्रं आज स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली आहेत, आपला सातबारा पाहता येतो तशी. नाव, तारीख, जमिनीचा तुकडा, सगळं स्वच्छ वाचता येतं. घर पडलं, विहीर बुजली, माणूस गेला, पण कागद शाबूत आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हरवरच्या प्रत्येक फाईलला एक मालक नोंदवलेला असतो. माणूस नोकरी सोडून कधीच गेलेला असतो, तरी फाईलवर त्याचं नाव तसंच राहतं. मालकीची नोंद आणि मालक यांचं आयुष्य वेगवेगळं असतं, हे त्या पत्रांइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

इथे आपल्यातला साधक लगेच म्हणेल, हेच तर वैराग्य! भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात साप आहे. साप स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो आणि सुखी असतो. देह टिकणारा नाही, त्याच्यासाठी घराचा एवढा खटाटोप कशाला? नाथांनी याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं, आणि तेही संसारात राहून. म्हणजे बोध घर पाडण्याचा नाही, घरात अडकून न पडण्याचा आहे. ओरेगनची ती पडकी घरं पाहिली की हा बोध डोळ्यांना दिसतो. सगळं जाणार आहे. मग माझं-माझं कशाला?

पण मंडळी, इथेच थांबलो तर आपण मंत्राचा सोयीचा भाग घेतला, असं होईल. कारण त्या माळावर आणखी एक गोष्ट पुरलेली आहे.

फोर्ट रॉक ही प्राचीन ज्वालामुखीची उरलेली गोल भिंत आहे. सॅटेलाईट नकाशावर शोधा, नालेच्या आकाराचं कडं दिसेल. तिच्याजवळच्या एका गुहेत १९३८ साली ल्यूथर क्रेसमन या मानववंशशास्त्रज्ञाला सेजब्रशच्या सालीपासून विणलेल्या वहाणा सापडल्या. डझनावारी. नंतर तपासणी झाली तेव्हा त्यांचं वय ९ हजार वर्षांहून जास्त निघालं. म्हणजे ज्या माळावर होमस्टेडवाल्यांना दहा-पंधरा वर्षं काढणं जड गेलं, तिथे माणसं हजारो वर्षं वावरत होती. अलीकडच्या शतकांत या टापूत नॉर्दर्न पायूट लोक होते. ऋतू बदलला की त्यांचा मुक्काम बदलायचा. कंदमुळांच्या दिवसांत इकडे, माशांच्या दिवसांत तिकडे, हिवाळ्यात आडोशाला. पाण्याचा आणि अन्नाचा अंदाज घेऊन राहणं.

मग ज्या जमिनीला कायदा 'मोकळी' म्हणत होता, ती मोकळी कधी आणि कशी झाली?

फोर्ट रॉकच्या पूर्वेला काही तासांच्या अंतरावर हार्नी खोरं आहे. १८७२ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशानं तिथे पायूटांसाठी मॅल्हूर राखीव प्रदेश ठरला, सुमारे १८ लाख एकर. गोऱ्या रँचवाल्यांची गुरं त्यात शिरतच राहिली. १८७८ साली बॅनॉक युद्ध पेटलं. युद्ध संपल्यावर १८७९ च्या जानेवारीत, बर्फातून, पाचशेहून जास्त पायूटांना शेकडो मैल दूर याकिमाला नेण्यात आलं. त्यांत युद्धात भागच न घेतलेली माणसं, बायका, मुलंही होती. त्या वेळी दुभाषी असलेल्या सारा विनेमका या पायूट बाईंनी १८८३ साली आपल्या लोकांच्या हकिकतीचं पुस्तक लिहिलं, म्हणून हे सगळं त्यांच्या बाजूनंही नोंदलं गेलं. राखीव प्रदेश काही वर्षांत रद्द झाला आणि जमीन वसाहतीला खुली झाली. 'मोकळी' झाली ती अशी.

आता ते वैराग्याचं वाक्य पुन्हा म्हणून बघा. बर्फातून चाललेल्या त्या आईला सांगाल का, की बाई गं, देह नश्वर आहे, जमिनीचा मोह कशाला?

जनकराजाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. मिथिला पेटली तरी आपलं काही जळत नाही, अशी त्याची वृत्ती होती. हे तो स्वतःबद्दल म्हणतो, म्हणून ते वैराग्य. पण शेजाऱ्याचं घर जळताना आपण त्याला हे ऐकवलं, तर ती निर्दयता आहे. अनासक्ती हा उपदेश ज्याच्या हातात कागद आहे त्यानं स्वतःला करायचा असतो. ज्याच्या हातून सगळं काढून घेतलंय त्याला तो करायचा नसतो. त्याग आणि बेदखली बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्हीत घर रिकामं होतं. पण एकात माणूस हात उघडतो, दुसऱ्यात त्याचा हात पिरगाळलेला असतो.

म्हणून मला वाटतं, मंत्रात ती तिसरी गोष्ट शेवटी आलीय ती उगाच नाही. सगळं ईश्वराचं आहे, एवढंच म्हटलं असतं तर धूर्त माणूस म्हणाला असता, मग कोणाचंच नाही, घेऊ या. ती पळवाट शेवटची सूचना बंद करते. आधी विचार, हे कोणाचं होतं? मग त्यागाच्या गप्पा मार.

आणि डोळा ठेवून घेतलेलं पुढे काय करतं, तेही याच हार्नी खोऱ्यात दिसतं. १८७२ साली पीटर फ्रेंच नावाचा तरुण कॅलिफोर्नियाहून सुमारे १,२०० गुरं घेऊन इथे आला. पाहता पाहता त्याच्या रँचचा पसारा एक लाख एकरांच्या पुढे गेला. पाणी, कुरणं, रस्ते, सगळीकडे त्याचं कुंपण. नंतर आलेल्या छोट्या होमस्टेडवाल्यांशी जाण्यायेण्याच्या वाटेवरून भांडणं सुरू झाली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १८९७ ला, एड ऑलिव्हर नावाच्या होमस्टेडवाल्यानं त्याला गोळी घातली. फ्रेंच निःशस्त्र होता. आणि ज्यूरीनं ऑलिव्हरला निर्दोष सोडलं! त्या खोऱ्यातल्या लोकांच्या मनात किती साठलेलं असेल, विचार करा.

फ्रेंचनं हिवाळ्यात घोडे शिकवायला बांधलेली मोठी गोल पागा अजून उभी आहे. त्याच्या मुख्य रँचची जमीन १९३५ साली सरकारनं विकत घेऊन मॅल्हूर पक्षी अभयारण्यात घातली. आता वसंतात तिथे क्रौंच कुळातले पक्षी उतरतात, काही दिवस चरतात, उडून जातात. आणि पायूटांपैकी काही कुटुंबं परत आली होती. त्यांचे वंशज आज त्याच खोऱ्यात, बर्न्स गावाजवळ राहतात. फ्रेंचचं कुंपण गेलं, पण ज्यांना हाकललं ते कायमचे गेले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, मग काय, घर बांधूच नये? होमस्टेडवाले सगळे पापी होते का?

नाही हो. त्यातले बहुतेक गरीब होते. पायूटांना कोणी आणि कसं हटवलं, हे फोर्ट रॉकला येणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला कोणी सांगितलंही नसेल. सरकारनं दिलेल्या कागदावर विश्वास ठेवून तिनं तीन वर्षं थंडीत काढली. तिचे कष्ट खरे होते. न कळता अन्यायाचा लाभ मिळणं आणि स्वतः अन्याय करणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पण कळल्यावर 'मला काय त्याचं' म्हणणं, हा मात्र आपला निर्णय असतो.

आणि कष्ट फुकट गेले का, या प्रश्नाचं उत्तर मला पिकात नाही, एका रीतीत सापडतं. पश्चिमेकडच्या रँचमुलखात जुनी पद्धत होती, की दूरवरच्या झोपडीला कुलूप लावायचं नाही. वादळात, थंडीत सापडलेल्या वाटसरूनं आत यावं, चूल पेटवावी, डब्यातलं पीठ घेऊन भाकरी करून खावी. मालक असो वा नसो. फक्त जाताना भांडी घासून ठेवायची, आणि पुढच्या माणसासाठी सरपण रचून ठेवायचं. तिथे कोणी उपनिषद वाचलं नव्हतं. पण त्यागाच्या रीतीनं भोगणं म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही. घर त्याचंच होतं. पण दार एकट्यासाठी नव्हतं.

सापाच्या गोष्टीतही हे दडलेलं आहे बरं का. साप दुसऱ्याच्या बिळात राहतो, म्हणजे ते बीळ कोणीतरी खणलेलं असतं. खणणारा नसता तर सापाचं वैराग्य उघड्यावर पडलं असतं! फोर्ट रॉकच्या आसपासची काही जुनी घरं, एक छोटं चर्च, शाळा, हे सगळं गावकऱ्यांनी एका ठिकाणी आणून जपलंय. आपल्या आधी कोणी खणलं याची आठवण ठेवणं, हाही त्यागाचाच भाग म्हणायला हवा, कारण त्यात 'सगळं मीच केलं' हे सुटतं.

एक शेवटचं. विजेचे पंप आले तेव्हा त्याच माळांवर खोल विहिरींच्या पाण्यावर लसूणघासाची हिरवी शेतं उभी राहिली. फोटोत फार सुंदर दिसतात. पण हार्नी खोऱ्यात आज भूजलाची पातळी उतरत चाललीय. पॉवेलचा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा आहे: पाणी किती आहे, आणि ते कोणाकोणाचं आहे? धन म्हणजे फक्त शेजाऱ्याचं धन नव्हे. पुढच्या पिढीच्या वाट्याचं पाणी हेही कोणाचं तरी धनच. ते उपसून घेणाऱ्याला तक्रार ऐकू येत नाही, कारण तक्रार करणारा अजून जन्माला यायचाय.

आपल्यापैकी कितीतरी जण आज वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेतायत. पझेशनचं पत्र हातात आलं की डोळे भरून येतात, आणि यावेतही. त्यात गैर काही नाही. फक्त त्या दिवशी, कलशपूजन झाल्यावर, पाच मिनिटं बसून मनाशी विचारू या:

ही जागा माझ्या आधी कोणाची होती, आणि ती त्यानं हात उघडून दिली की त्याच्या हातून सुटली?

इथे पाणी किती आहे, आणि त्यातलं मी किती घेणार आहे?

मी नसताना या दाराशी कोणी थंडीनं कुडकुडत आला, तर त्याला आत येता येईल का?

तिन्हींची उत्तरं लगेच येणार नाहीत. पहिल्याचं तर कदाचित ऐकवणारही नाही. पण ईश्वराच्या घरात आपण वस्तीला आलोय असं रोज म्हणायचं असेल, तर त्या घरातल्या बाकीच्या बिऱ्हाडांची चौकशी करणं आलंच.

आजच्या दिवसासाठी एवढंच. जमलं तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, तो आजच करता येण्यासारखा आहे.

राम कृष्ण हरी.